नवऱ्याच्या वाटचं मीठ

तानाबाईनं नवऱ्यासाठी मीठ सोडलंय, ही गोष्ट कासारवाडीच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नसायला ती काही मुखदुर्बळ बाई नव्हती. आडावर बायका जमल्या आणि कुणी कालवणाच्या चवीची गोष्ट काढली, की ती पदर सावरत म्हणायची, आमाला काय बाई त्याचं, आमचं आपलं अळणी. म्हणताना आवाज साधाच ठेवायची, पण घागर मात्र जरा तोऱ्यात उचलायची. वर्षभर जिभेला मिठाचा खडा लावायचा नाही म्हणजे काही पोरखेळ नव्हे, तेव्हा एवढा तोरा तिला शोभून दिसायचा.

तिचा नवरा बाळाजी मूळचा चाकणजवळच्या एका वाडीतला. गावची थोडी जमीन भावाच्या हवाली करून तो, तानाबाई आणि म्हातारी आई गवराबाई अशी तिघं इथं एका खोलीत येऊन राहिली होती. एकुलती मुलगी लग्न होऊन आपल्या घरी सुखात होती. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्याच एका कारखान्यात बाळाजी बॉयलरवर कोळसा मारायचा. गडी अंगानं दणकट, मान जाड, तोंडावर तांबूस तेज. गावाकडे गेला की माणसं म्हणायची, बाळाजीला कंपनी मानवली. तानाबाईलाही तसंच वाटायचं. तिच्या मनात एकच भीती होती आणि तिच्याबद्दल ती कुणाजवळ बोलत नसे.

ती भीती सासऱ्यांपासूनची होती. तानाबाई लग्न होऊन घरात आली आणि थोड्याच दिवसांत सासरे कांद्याला पाणी देता देता वाफ्यातच पडले. उचलून आणले तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवं अंग लुळं. गाव म्हणालं, वारं गेलं. कबुतराचं रक्त चोळून झालं, अंगारे लावून झाले, लांबून एक तेलवाला येऊन चोळून गेला. म्हातारा मात्र तीन वर्षं बाजेवर पडून राहिला आणि त्याला पेज भरवायचं काम नव्या सुनेकडे आलं. अर्धी पेज तोंडात जायची, अर्धी गळ्यावर सांडायची, आणि ती पुसून घेताना म्हातारा रडायचा. तेव्हापासून तानाबाईनं देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. घरात काही असो नसो, धन्याला असं बाजेवर टाकू नकोस, एवढंच.

अशा घरात डॉक्टर लिमयांचा निरोप येऊन पोचला. लिमये कारखान्यात नवीन आलेले, वयानं तरुण, आणि एका गोष्टीचा त्यांना ध्यास होता. पक्षाघात वाऱ्यानं होत नाही की करणीनं होत नाही; रक्त शिरांमधून फार जोरानं धावायला लागलं की डोक्यातली एखादी शीर दगा देते, आणि तो जोर आधीच पकडला तर पुढचं टाळता येतं, असं ते भेटेल त्याला सांगायचे. पाळी सुटताना कामगारांना रांगेत उभं करून, दंडाला पट्टा बांधून ते रक्ताचा दाब मोजू लागले. काही जणांना वाटलं पट्टा रक्त ओढून घेतो, ते मागच्या मागे पसार झाले. बाळाजी पळाला नाही. त्याच्या वेळी पारा असा वर गेला की डॉक्टरांनी पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधून पाहिला. मग त्याला बाजूला बसवून घेतलं आणि बापाची हकिगत विचारली.

त्यांनी सांगितलं ते फार अवघड नव्हतं. सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या रोज घ्यायच्या, तंबाखू कमी करायची, मीठ सोडायचं. बॉयलरवाल्यांना घाम फार येतो म्हणून त्यांच्यासाठी मिठाच्या पाण्याचा माठ भरून ठेवलेला असे, त्याला हात लावायचा नाही, साधं पाणी प्यायचं. आणि दर महिन्याला येऊन दाब दाखवायचा.

त्या दिवशी बाळाजी जेवायला बसला. गवराबाई भिंतीला टेकून पान लावत होती, तानाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"डाक्तर म्हनतोय मीठ सोडा," बाळाजी भाकरी मोडता मोडता म्हणाला.

"मंग सोडते की," तानाबाई म्हणाली.

थापायचा हातही तिनं थांबवला नाही. थांबवायचं कारणच नव्हतं. या घरात काही सोडायचं असलं, धरायचं असलं, की ते तानाबाईचं काम होतं. म्हैस आजारी पडली तेव्हा शनिवार तिनं धरले होते. मुलीला देवी आल्या तेव्हा चाकणच्या चक्रेश्वराला अनवाणी ती गेली होती. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून बायका वडाला दोरा गुंडाळतात, दिवसभर उपाशी राहतात. आयुष्य तुझं आहे तर उपासही तूच कर, असं कुठल्या बाईनं आजवर नवऱ्याला म्हटलंय? डॉक्टरनं मीठ सोडायला सांगितलं म्हणजे व्रतच सांगितलं, आणि व्रत सांगितलं म्हणजे ते बायकोनं करायचं. यात तिला काही नवल वाटलं नाही. उलट, साहेब लोकांतही देवधर्म जाणणारा डॉक्टर निघाला याचं बरं वाटलं.

गवराबाईनं पानाचा विडा गालात सारला आणि आपलं म्हणणं मांडलं. "तूच सोड, ताने. त्याच्या ताटात अळणी वाढू नगंस. अळणी सुतकात खात्यात. जित्या मानसाम्होरं तसलं ताट ठिवत न्हाईत."

बाळाजी घास हातात धरून बायकोकडे बघत राहिला. तो काहीतरी बोलेल असं वाटत होतं. मग त्यानं घास तोंडात टाकला आणि म्हणाला, "बरं."

हा बाळाजीचा ठरलेला शब्द होता. मुकादमानं जादा पाळी लावली तरी बरं, भावानं बांध कोरला तरी बरं, मुलीच्या सासरच्यांनी मानपान वाढवून मागितला तरी बरं. माणूस गुणी होता, भांडण त्याला सोसत नसे. पण काही वेळी माणसानं बरं म्हणायचं नसतं, आणि ती वेळ नेमकी हीच होती. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं होतं. ते त्याला किती कळलं होतं, आणि कळूनही समोरचा ठेचा सोडवेना म्हणून किती बाजूला सारलं गेलं, हे त्याचं त्यालाच माहीत.

पुढच्या सोमवारी तानाबाई चक्रेश्वराला जाऊन संकल्प करून आली, आणि तिचं अळणी सुरू झालं. पहिले काही दिवस घास घशाखाली उतरेना. डाळ मातीसारखी लागायची. नवऱ्यासाठी आणि सासूसाठी नेहमीसारखं कालवण करायचं, त्यात मीठ टाकण्याआधी आपली वाटी काढून ठेवायची, असा तिनं नेम केला. बाळाजीच्या ताटात भाकरीशेजारी चिमूटभर मीठ, ठेचा, कधी सुकटीची चटणी, कधी खाराचं लोणचं असायचंच. उलट ती आता जरा जास्तच वाढायची, कारण आपण सोडलेलं सगळं त्याच्या अंगी लागावं असं तिला वाटायचं.

हळूहळू जिभेला सवय झाली. भावकीत लग्न निघालं तेव्हा ती आपली अळणी भाकरी फडक्यात बांधून घेऊन गेली. पंगतीत सगळ्यांनी पाहिलं, कुणी विचारलं, आणि गवराबाईनं भरल्या मांडवात सुनेची कहाणी सांगितली. शेजारची अंबूबाई तर पाया पडायलाच वाकली. ही अंबूबाई मराठवाड्यातून आलेल्या कामगाराची बायको, बोलायला मोकळी; ती म्हणाली, असं निभवायला छाती लागती. तानाबाई वरवर नको नको म्हणाली, पण मनातून फुलून गेली होती, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नाही. कितीतरी वर्षं तिचं डोकं सकाळी उठल्या उठल्या ठणकायचं. कपाळाला फडकं आवळून ती चूल पेटवायची. कानात कधी कधी गुणगुण चालायची, जिना चढला की छातीत धडधडायचं. सासू म्हणायची, कामाला आलं की हिचं डोकं दुखतंय. ते दुखणं अळणी धरल्यावर काही महिन्यांत कमी होत गेलं. एक दिवस तिच्या ध्यानात आलं की कपाळाचं फडकं खुंटीवर टांगलेलं आहे आणि कितीतरी दिवसांत त्याला हात लागलेला नाही. तिला संकोचल्यासारखं झालं. व्रत नवऱ्याच्या नावाचं, आणि गुण आपल्याला यावा? देवाचा प्रसाद म्हणायचा, असं म्हणून तिनं ते मनातच ठेवलं.

इकडे गोळ्यांनी बाळाजीचा दाब पहिल्या काही महिन्यांत थोडा खाली आला. डॉक्टर विचारायचे, मीठ सोडलंत ना? बाळाजी सांगायचा, घरात सोडलंय साहेब. हे खोटं नव्हतं. पण त्या गोळ्यांनी त्याचं नाक चोंदायचं, आणि बॉयलरपुढे उभ्या उभ्या डोळे मिटायला लागायचे. फोरमननं एकदा सगळ्यांसमोर झोप काढतोस का म्हणून झापलं. मग त्यानं गोळ्या डोकं जड झालं तरच घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे तेवढ्याही घेईना. महिन्याला दाब दाखवायला जाणंही काहीतरी सबब सांगून सुटलं. तानाबाईनं एकदा हटकलं. तो म्हणाला, तुजं चाललंय न्हवं. तिलाही ते पटलं. गोळी ही वरची गोष्ट, खरा आधार व्रताचा.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या पाळीला जाण्याआधी बाळाजी जेवायला बसला होता. बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी, लोणचं. तानाबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. मागे काही पडल्याचा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. भाकरीचा तुकडा त्याच्या हातातून गळून जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, पुन्हा पडला. तो हाताकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याचाच हात आपल्या मांडीवर कुणी ठेवलाय. आवं, सांडताय काय असं, म्हणून ती त्याच्यावर थोडी करवादलीसुद्धा. ते करवादणं तिला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

त्यानं मान वर केली. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

गवराबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता. तिनं ते तोंड ओळखलं होतं. आपल्या नवऱ्याचं वाफ्यात पडलेलं तोंड तिला मुलाच्या जागी दिसलं, आणि म्हातारी आहे तिथंच बसून राहिली. बाळाजी उजवीकडे कलला, ताटावर कोपर पडलं आणि ताट उलटं झालं. तानाबाईनं त्याला धरलं खरं, पण ती काय करतेय हे तिचं तिला कळत नव्हतं. तव्यावर भाकरी करपत होती, धूर खोलीभर झाला होता, आणि ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच एक गोष्ट आठवत होती. आपलं कुठं चुकलं? मीठ कुठं लागलं जिभेला? लोणचं घालताना बोट चाटलं होतं का? लग्नात कुणी पाणी दिलं त्यात काही होतं का? वर्षभराचा एक एक घास तिनं त्या घटकेत परत चावून पाहिला.

चाळ गोळा झाली. कुणी कबुतर आणायला निघालं, कुणी तेलवाल्याला बोलवायचं म्हणालं. अंबूबाईच्या नवऱ्यानं कुणाचं न ऐकता सायकल काढली आणि कारखान्यातून डॉक्टर लिमयांना गाडीसकट घेऊन आला. डॉक्टरांनी बाळाजीला तपासलं, डोळ्यांवर उजेड धरला, हातपाय हलवून पाहिले. गाडीत घालून पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. माणसं बाज उचलायला धावली, तेवढ्यात डॉक्टर तानाबाईकडे वळले. ते रागावलेले नव्हते, दमलेले दिसत होते.

त्यांनी गोळ्यांचं विचारलं. गोळ्या सुटल्या होत्या, हे तिनं खाली मान घालून कबूल केलं. मग त्यांनी मिठाचं विचारलं, आणि तानाबाईची मान वर आली.

"मीठ सोडलं व्हतं, सायब. वरीस झालं. एक खडा न्हाई खाल्ला. इचारा कुनालाबी," ती म्हणाली, आणि दारातल्या बायकांनी माना हलवल्या.

डॉक्टरांची नजर जमिनीवर सांडलेल्या जेवणावर गेली. त्यांनी वाकून चटणीचं बोट जिभेला लावून पाहिलं. लोणच्याची फोड उचलून पाहिली. भाकरीशेजारचं मीठ जमिनीवर पसरलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

"हे ताट कुणाचं?"

"त्येंचं."

"यात मीठ आहे, बाई."

"त्येंच्या ताटात असनारच की," तानाबाई म्हणाली. तिला खरंच कळेना की हे काय विचारतात. "सोडलं म्या. त्येंच्यासाठी."

डॉक्टर लिमये तिथंच उंबऱ्यावर बसले. परीटघडीचा कोट, खाली राख सांडलेली, पण ते बसले. बाहेर माणसं बाज गाडीत नीट बसवत होती, तेवढा वेळ त्यांना होता. काय झालंय हे त्यांना आता उलगडलं होतं. मग त्यांनी सरळच सांगितलं. मीठ जो खातो त्याच्या रक्तात जातं. ते ज्याचं त्यानं सोडायचं असतं. नवऱ्याचा दाब बायकोनं मीठ सोडून उतरत नाही.

तानाबाईच्या कानावर शब्द पडले, अर्थ मात्र मागून आला. वर्ष. एक वर्ष तिनं मातीसारखी डाळ गिळली, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या ताटात रोज मीठ वाढलं. डॉक्टरनं ज्याला मीठ खाऊ घालू नका म्हणून सांगितलं, त्यालाच तिनं हौसेनं, जास्तीचं, अंगी लागावं म्हणून वाढलं. कुणा वैऱ्यानं केलं नसतं ते तिनं चुलीपुढे बसून, देवाचं नाव घेऊन केलं होतं. तिनं चौकट धरली. डॉक्टरांनी तिला खाली बसवलं.

"मंग माजं काय झालं, सायब?" तिनं विचारलं. "म्या सोडलं ते गेलं कुठं?"

प्रश्न वेड्यासारखा होता, पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेटीतून पट्टा काढला आणि तिच्या दंडाला बांधला. पारा वर गेला, आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. पहिल्यांदा त्यांना वाटलं बाई हादरलीय म्हणून असेल. त्यांनी विचारलं, पूर्वी डोकं दुखायचं का? कानात आवाज? धाप? तानाबाई प्रत्येक प्रश्नाला व्हय म्हणत गेली. कधीपासून थांबलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिची नजर खुंटीवरच्या फडक्याकडे गेली. अळणी धरल्यापासून, ती म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टा सोडला. "तुम्हालाही तेच दुखणं आहे, बाई. किती वर्षांचं असेल कोण जाणे. मिठानं तुम्हाला सावरलं, म्हणजे ते सोडलंत म्हणून. नाहीतर आज त्या बाजेवर कदाचित तुम्ही असता." ते पेटी बंद करता करता थांबले. "मी कारखान्यातले सगळे पुरुष मोजले. त्यांच्या घरात कुणी राहतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आपण वाचलो हे ऐकून माणसाला हायसं वाटतं म्हणतात. तानाबाईला तसं काही वाटलं नाही. तिला वाटलं आपण चोरी केली. चक्रेश्वराच्या पायरीवर बसून धन्यासाठी जे मागितलं होतं ते वर्षभर चोरून आपल्याच अंगात साठत राहिलं, आणि तो रोज समोर बसून रिता होत गेला. गाडी निघाली. ती डोक्यावर पदर नसताना गाडीत चढली, हे चाळीनं प्रथमच पाहिलं.

पुण्याच्या दवाखान्यात बाळाजी बरेच दिवस होता. जगेल की नाही हे आधी कुणी सांगेना, मग जगेल म्हणाले, मग इतपतच सुधारेल म्हणाले. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. तोंड थोडं जागेवर आलं. आणि वाचा गेली, म्हणजे सगळी गेली नाही. बोलायला गेला की त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा. पाणी हवं असलं तरी तोच, कूस बदलायची असली तरी तोच, आई भेटायला आली आणि तो रडायला लागला तेव्हाही तोच.

"बरं," बाळाजी म्हणायचा. "बरं. बरं."

पुण्याच्या डॉक्टरांना त्यात नवल वाटलं नाही. असं होतं, ते म्हणाले, फार वापरातला एखादा शब्द मागे उरतो. तानाबाईच्या मात्र तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा अंगावर काटा आला. तो शब्द तिला ठाऊक होता, आणि तो कधी म्हटला गेला होता तेही ठाऊक होतं.

दरम्यान डॉक्टर लिमये एका रविवारी पेटी घेऊन चाळीत येऊन बसले. आता बायकांचा दाब मोजायचा, म्हणाले. बायका दाराआडून बघत राहिल्या. परक्या पुरुषाच्या हातात दंड कोण देणार? शेवटी त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलेली तानाबाईच पुढे झाली, तिनं आधी आपला दंड पुढे केला, आणि मग अंबूबाईचं मनगट धरून तिला बसवलं. त्या दिवशी चाळीतल्या चार घरांत अळणी शिजायचं ठरलं, आणि कुणाचं ताट कुणाचं हे डॉक्टरांनी प्रत्येक घरात नाव घेऊन, बोट दाखवून सांगितलं. तानाबाईलाही गोळ्या सुरू झाल्या. ती त्या घ्यायची, पण त्या गिळताना तिला रोज लाज वाटायची.

बाळाजी घरी आला त्या दिवशी तिनं एकाच भांड्यात डाळ केली. बिनमिठाची. दोन ताटं वाढली, एक त्याचं, एक आपलं. गवराबाईनं ते पाहिलं आणि ती सुनेच्या अंगावर धावून गेली. म्हातारीला सगळं सांगून झालं होतं, पण जन्मभराचा धाक एका दिवसात सुटत नाही.

"लेकरू मरनाच्या दारातनं आलंय, आन त्येच्या म्होरं अळणी वाढतीस? सुतक काढतीस का त्येचं?"

"जिता ऱ्हावा म्हून वाढते, आत्याबाई," तानाबाई म्हणाली. "लई वाढलं म्या त्येंला खारट. आता न्हाई."

म्हातारी खाली बसली. रडून झाल्यावर तिला सुनेची कणव आली असावी. तिनं बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि तानाबाईच्या ताटात भाकरीशेजारी ठेवलं. तुजं व्रत सरलं, म्हणाली, आता तू तरी चवीनं खा.

तानाबाई त्या मिठाकडे बघत राहिली. तेव्हा बाजेवर उशांना टेकून बसलेल्या बाळाजीनं डावा हात पुढे केला. नेम लागत नव्हता, वाटी कलंडता कलंडता राहिली. पण तो हात तिच्या ताटापर्यंत पोचला, आणि त्यानं तळव्यानं ते मीठ ओढून ओढून ताटाबाहेर जमिनीवर लोटलं. भाकरीला चिकटलेले खडे राहिले होते, तेही त्यानं अंगठ्यानं खरवडून काढले.

तिचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी तिला भयंकर रागही आला. म्हणजे याला कळत होतं. आता कळतंय, की तेव्हाही कळलं होतं? त्या दिवशी घास हातात धरून हा आपल्याकडे बघत राहिला होता, तेव्हा याच्या मनात काय होतं?

"आवं," ती त्याच्या तोंडाजवळ जाऊन हळूच म्हणाली, "डाक्तरनं तुमाला सांगितलं व्हतं न्हवं? मीठ तुमी सोडायचं हाय, म्या न्हाई, ह्ये तुमाला तवाच ठावं व्हतं न्हवं?"

बाळाजीनं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, डोळ्यांतून पाणी आलं. काहीतरी मोठं सांगायची त्याची धडपड चालली होती, हे कुणालाही दिसलं असतं.

"बरं," तो म्हणाला.

तिनं भाकरी डाळीत कुस्करली, एक घास त्याला भरवला, गळ्यावर ओघळलं ते पदरानं पुसलं, आणि त्याच भांड्यातला दुसरा घास आपल्या तोंडात टाकला.